गणपतीची कागदी पताका पावसाळी हवेत मान टाकू नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे : ठाण्यात घरचा पाच दिवसांचा गणपती. गेल्या वर्षी बाजारातून आणलेली कागदी पताकांची माळ तिसऱ्या दिवशीच लोंबायला लागली, कोपरे वळले, दोन-तीन पताका गळून समोर पडल्या. दोष सगळा गोंदाचा, असं विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं. यंदा हॉलच्या दहा फुटी भिंतीवर ‘गणपती बाप्पा मोरया’ अशी अक्षरांची माळ मुलांना हाताशी घेऊन घरीच करायची आहे. कार्डशीट घ्यावी की घोटीव कागद, कुठला गोंद वापरावा, आणि दाराला कागदाचंच तोरण करता येईल का?

ताई, तुम्ही सगळा राग गोंदावर काढलाय, पण खरा शत्रू हवा आहे. भाद्रपदात ठाण्या-मुंबईच्या आणि कोकणाच्या हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास, पाऊस लागला की त्याहून वर. कागद हवेतलं पाणी ओढून घेतो, मऊ पडतो, फुगतो. हवा जरा कोरडी झाली की पुन्हा आकसतो. त्या ओढाताणीत गोंद सुटतो. म्हणून गणपतीची कागदी आरास करताना कागद, जोड, दोरी, टांगणं, सगळं एकाच गोष्टीवर ठरवायचं : ओल आली तर याचं काय होईल? दिवाळीच्या आरासीला इतका विचार करावा लागत नाही, तेव्हा हवा आपल्या बाजूने असते.

पहिला प्रश्न कागदाचा. घोटीव कागद दिसायला देखणा, पण त्याची एक बाजू चकचकीत लेप दिलेली आणि दुसरी कोरी. कोरी बाजू पाणी पटकन पिते, लेपाची बाजू पीत नाही. एक बाजू फुगते, दुसरी तशीच राहते, की कागद वळलाच. बाजारातल्या माळेचे कोपरे वळले ते बहुधा याच कारणाने. पतंगी आणि क्रेप कागद तर ओल्या हवेत अंगातला ताठपणाच सोडतात, शिवाय ओला हात लागला की रंग सोडतात, आणि तो रंग भिंतीवरून सहजी जात नाही. दीड दिवसाच्या गणपतीला क्रेपच्या झालरी खुशाल लावा. पाच किंवा दहा दिवसांसाठी मी त्या लावत नाही.

तुम्हाला हवा आहे तो लगद्यातच रंग घातलेला, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा जाड कागद. दुकानात टिंटेड पेपर किंवा रंगीत कार्डशीट म्हणून मागा, आणि वजन विचारा : 160 ते 200 जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. याहून पातळ घेतला तर पताका मान टाकते, 250-300 च्या पुढे गेलात तर मुलांच्या कात्रीला तो कापवत नाही आणि शिवणाची सुईही अडते. दुकानदार वजन सांगू शकला नाही तर कोपरा धरून ताव आडवा झुलवून बघा. खडखडला तर घ्या, नुसता फडफडला तर ठेवा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटवर हवा तो रंग मिळेल, ठाण्यातही शाळांच्या आसपासच्या मोठ्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळायला हरकत नाही. विकत घेण्याआधी बोट ओलं करून तावाच्या कोपऱ्यावर घासा. बोटाला रंग लागला तर तो ताव भिंतीजवळ नेऊ नका.

हातकागद परवडत असेल तर तो सगळ्यांत उत्तम. पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागदाची संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेल्या या कागदाचे तंतू लांब असतात, त्यामुळे शिवणीच्या भोकापाशी तो फाटत नाही. पण त्याच्या कडा आणि जाडी एकसारखी नसते, आणि अक्षरं नेटकी बसवायची तर मुलांना त्याचा कंटाळा येतो. फुलं-पानांसाठी मात्र आणाच.

‘जिलेटीन’ म्हणून आज जे मिळतं ते बहुतेक प्लास्टिकच असतं. त्याला ओल लागत नाही हे खरं, पण विसर्जनानंतर ते जातं कचऱ्यात, आणि चमकी चिकटवलेल्या सोनेरी-रुपेरी कागदाचीही तीच गत. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरवाले पुन्हा पुठ्ठ्या-कागदाकडे वळले, तेव्हा घरच्या माळेतही तेवढं पाळायला हरकत नाही. सोनेरी हवंच असेल तर कडेला सोनेरी पोस्टर कलरची बारीक रेघ ओढा. दिव्याच्या उजेडात ती चमकीपेक्षा चांगली दिसते, असं माझं मत.

आता माप. दुकानातली कार्डशीट साधारण 22 × 28 इंचांची, म्हणजे 56 × 71 सेंटिमीटरची असते. घरी करणारे पताका डोळ्यांना बरी वाटते म्हणून 15 × 20 ची आखतात, आणि एका तावातून जेमतेम नऊ निघतात. तीच 14 × 17.5 ची आखा : आडव्या चार, उभ्या चार, सोळा पताका, आणि वाया जाते ती एक बारीक चिंधी.

तुमच्या भिंतीचा हिशेब करून दाखवते. दहा फूट म्हणजे 305 सेंटिमीटर. ‘गणपती बाप्पा मोरया’ची अक्षरं मोजा : ग, ण, प, ती, बा, प्पा, मो, र, या. नऊ पताका झाल्या. दोन शब्दांच्या मध्ये एकेक कोरी पताका, म्हणजे अकरा. दोन्ही बाजूंना तीन-तीन कोऱ्या जोडल्या की सतरा. प्रत्येकी 14 सेंटिमीटर आणि मध्ये 4 सेंटिमीटर फट धरली तर एकूण 302 होतात. माळ मध्ये 30 सेंटिमीटर झुकली तर तिची लांबी सुमारे 8 सेंटिमीटरने वाढते, म्हणजे 305 ची 313. दोन्ही टोकांना बांधायला वीस-वीस सोडले की 353, म्हणजे साडेतीन मीटरहून जराशी जास्त पट्टी लागते. अक्षरांच्या नऊ पताका एका रंगाच्या, कोऱ्या आठ दुसऱ्या रंगाच्या करा. दोन ताव बस होतात.

रंग दोनच ठेवा, अक्षरांचा तिसरा. मूर्तीभोवती मखर, फुलं, पितळेची भांडी, लाइटिंगची माळ एवढं असताना मागे सात रंगांच्या पताका लावल्या तर बाप्पाकडे कुणाचं लक्ष जाणार? केशरी आणि पिवळ्यावर गडद लाल किंवा मरून अक्षरं लांबूनही वाचता येतात. पिवळ्यावर पांढरं काढू नका, संध्याकाळच्या दिव्यात ते दिसतच नाही. खिडकीतून ऊन येत असेल तर भडक गुलाबी, पोपटी असे फ्लुरोसंट कागद टाळा, ते सगळ्यांत आधी विटतात.

तावातून पताका कापण्याआधी एक गोष्ट बघायची, जी घरी सहसा कुणी बघत नाही. कागदातले तंतू एका दिशेने आडवे पडलेले असतात. छापखान्यात आणि बाइंडिंगवाल्यांकडे त्याला ग्रेन म्हणतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात, म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने पसरतो आणि ग्रेनला धरून सुरळी होतो. ओळखायचं कसं? तावाचा दोन बोटं लांबरुंद तुकडा कापा, कडांच्या दिशा पेन्सिलने खुणवा, आणि एक बाजू ओल्या बोटाने पुसा. तुकडा लगेच वळेल. ज्या दिशेने सुरळी उभी राहील ती ग्रेनची दिशा. पताकेत ही दिशा उभी, म्हणजे वरून खाली यायला हवी. मग वळण्याचा जोर डावी-उजवीकडे येतो आणि वरची कड पट्टीत शिवलेली असल्याने तो तिथेच अडतो. ग्रेन आडवी आली तर खालची कड वर गुंडाळते, आणि तिला धरायला तिथे काहीच नसतं. मोठ्या तावात ग्रेन बहुधा लांब बाजूने असते, आणि वर दिलेल्या मापात पताकेची उंची लांब बाजूनेच निघते, तरी खात्री करून घ्या.

गोंदाचा प्रश्न मी बाजूलाच ठेवते, कारण पताका दोरीला चिकटवायच्याच नाहीत. शिवायच्या.

यावर मी अडून बसते. दोरीवर कागद दुमडून चिकटवला की सगळं वजन एका सेंटिमीटरच्या गोंदाच्या पट्टीवर येतं, आणि ती पट्टी ओल्या हवेत कधीच पूर्ण वाळत नाही. खळ लावली तर आणखी वाईट. मैद्याची खळ ओल धरते, आणि ती खायला झुरळं आणि कसर येतात. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते त्याचसाठी, पण मोरचूद विषारी, मुलांच्या हातात ती द्यायची नाही. शिवणीला हवेचं सुखदुःख नसतं.

पट्टी सुती घ्या, एक इंच रुंद, सरळ विणीची. मॅचिंग सेंटरमध्ये मिळते. तिथे बायस पट्टी पुढे करतील, ती घेऊ नका : तिरकी कापलेली असते, वजनाने ताणली जाते आणि तिसऱ्या दिवशी माळ गुडघ्यापर्यंत येते. घरात साडीचा जुना फॉल असेल तर तो उभा चिरून पट्ट्या करता येतात, लांबी कमी पडली तर जोड द्या. पट्टी कुठलीही असो, आधी पाण्यातून काढून वाळवा आणि इस्त्री फिरवा, नाहीतर नंतर आकसते आणि पताकांमध्ये चुण्या पडतात. सुतळी टाळा. ओल धरली की पीळ फुगतो आणि ती आखडते, कोरडी झाली की सैल पडते, म्हणजे माळेची उंची रोज बदलते.

पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्रीने घडी बसवा. त्या घडीत पताकेची वरची कड सव्वा सेंटिमीटर आत जाते. टाचण्या लावू नका, कागदात पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे किंवा कागदाच्या क्लिपा लावा. मशीनवर 14 नंबरची सुई, कागद जाड असेल तर 16 ची. टाका शक्य तितका लांब करा, निदान 4 मिलिमीटर. कपड्यासारखा बारीक टाका घातलात तर शिवण कुठली, पोस्टाच्या तिकिटाची कड तयार होते, आणि पताका तिथूनच फाटते. याच कारणाने शिवणीच्या सुरुवातीला-शेवटी मशीन मागेपुढे चालवू नका. दोरे लांब ठेवून हाताने गाठ मारा. पताका संपली की मधले 4 सेंटिमीटर नुसती पट्टी शिवत पुढे जायचं, दोरा तोडायचा नाही. पायमशीन असेल तर सोन्याहून पिवळं, वेग पायात राहतो. कागद शिवलेली सुई बोथट होते. ती वेगळी ठेवा, पुढच्या ब्लाऊजला लावू नका.

मशीन नसेल तर हातानेही होतं, आणि मुलांना हा भाग आवडतो. जुन्या वर्तमानपत्रांची जाड घडी खाली ठेवून मोठ्या माणसाने दाभणाने सहा-सहा मिलिमीटरवर भोकं पाडून द्यायची, मुलांनी त्यातून जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालायचा. लाल दोरा घेतला तर तो दिसतोही छान.

अक्षरांकडे येऊ. इंग्रजी माळेत एका पताकेवर एक अक्षर ठेवलं की काम झालं, सगळी साधारण एकाच उंचीची. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरं अक्षराबरोबरच चालतात. प्पा फोडून प आणि पा अशा दोन पताका केल्या तर वाचणारा अडखळतो. म्हणून पूर्ण अक्षर एका पताकेवर. मग अडचण अशी की र अंग चोरून उभा आणि प्पा ऐसपैस पसरलेला.

यावर माझा सरळ उपाय : आधी प्पा काढा. 14 सेंटिमीटर रुंदीत, दोन्ही कडांना एकेक सेंटिमीटर सोडून, प्पा ज्या मापात मोकळेपणी बसेल तेच माप बाकी सगळ्या अक्षरांचं. माझ्या हाताने ते सुमारे 7 सेंटिमीटर उंचीचं येतं, रेघेची जाडी सव्वा सेंटिमीटर. र आणि ग लहान दिसतात म्हणून ते ताणू नका, नुसते मधोमध ठेवा. शिरोरेषा प्रत्येक पताकेवर वरच्या कडेपासून बरोबर 6 सेंटिमीटरवर यायला हवी. वर ती ची वेलांटी आणि मो ची मात्रा यांना जागा मिळते, खाली साडेचार उरतात. पुठ्ठ्याची एक खूणपट्टी करून तिनेच सगळीकडे खूण करा, दर वेळी फूटपट्टीने मोजू नका. पताका वेगवेगळ्या असल्या तरी शिरोरेषा एका ओळीत आली की डोळा मधली फट आपोआप भरून काढतो आणि शब्द सलग वाचला जातो. एक जरी अर्धा सेंटिमीटर वरखाली झाली तरी ती आधी दिसते, मूर्ती नंतर.

हात चांगला नसेल तर संगणकावर जाड टंक घेऊन ए-4 कागदावर एकेक अक्षर छापा आणि त्यावरून गिरवा. अक्षर पताकेतून कोरून काढण्याच्या फंदात पडू नका. वेगळ्या रंगाच्या कागदाचं कापून वर चिकटवा. कोरताना प, ब, म यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, आणि तो धरून ठेवायला मध्ये पूल सोडावे लागतात. उलट, अक्षर कापून काढताना शिरोरेषा तुमची मैत्रीण. ग आणि ण ही दोन-दोन तुकड्यांची अक्षरं, दोन्ही तुकडे फक्त शिरोरेषेनेच जोडलेले. तिला धक्का न लावता कापलंत तर अक्षर अखंड हातात येतं. पोटातली कापणी कटरने आधी करायची, बाहेरची कात्रीने नंतर, म्हणजे आत कापताना कागदाला धर राहतो. कटर मोठ्यांच्या हातात, खाली जाड पुठ्ठा, आणि स्टीलची पट्टी. प्लास्टिकच्या पट्टीची कड पातं कुरतडून टाकतं. अक्षरासाठी घोटीव कागद वापरलात तरी चालेल, कारण तो पूर्ण चिकटणार आहे, पण त्याच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर गिरवणार असाल तर अक्षर उलटं गिरवा. र उलटा निघाल्यावर मुलं हसतात, ताव मात्र जातो.

इथे गोंद लागतो. ग्लू स्टिक सगळ्यांत बरी, तिच्यात पाणी कमी असतं. फेव्हिकॉल वापरायचा तर बोटाने नाही, कोरड्या ब्रशने अगदी पातळ, आणि फक्त कडांना नाही, सगळीकडे. कडांनाच लावला तर मधला भाग फुगतो. चिकटवल्यावर पताका वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये ठेवून वर जाडजूड पुस्तकं ठेवा, रात्रभर. पंख्याखाली उघड्या वाळवू नका, नक्की वळतात. पावसाची झड लागली असेल तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बदलून आणखी एक रात्र दाबून ठेवा. शिवण्याआधी पताकेच्या मागच्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद इस्त्री एकदा फिरवली तर उरलीसुरली ओल जाते. क्रम लक्षात ठेवा : अक्षर आधी चिकटवायचं, शिवण नंतर. शिवलेली माळ दाबाखाली नीट बसत नाही.

पताकेची खालची कड सरळ ठेवली तरी चालते, पण दोन कोपरे तिरके छाटून मध्ये टोक आणलं तर वळायला कोपराच उरत नाही. झिरमिळ्या कापायच्या असतील तर त्या अक्षरांच्या पताकांना नको, कोऱ्यांना करा. कोरी पताका उभी मध्यावर दुमडायची, पुन्हा एकदा दुमडायची, खालून करंजीच्या आकाराचे दोन आणि बाजूच्या घडीत एक छोटा त्रिकोण कापायचा. उलगडली की जाळी तयार. मुलांना हे काम द्या आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी येऊ द्या. वरच्या तीन सेंटिमीटरला मात्र हात लावू द्यायचा नाही, तिथे शिवण येते.

दाराच्या तोरणाचं लवकर सांगते. साधं दार 90 सेंटिमीटरचं. 15 × 5 सेंटिमीटरच्या तुकड्यातून आंब्याचं पान : तुकडा उभा दुमडा, अर्धं पान कापा, उघडा. मग संपलेल्या बॉलपेनने, खाली वर्तमानपत्र ठेवून, मधल्या शिरेपासून कडेकडे तिरक्या रेघा जोर देऊन ओढा. कागद दबतो, शिरा उठून दिसतात, पान ताठ होतं आणि ओलीतही आकार धरून राहतं. हिरव्या रंगाच्या दोन छटा मिसळा, सगळी पानं एका रंगाची असली की ती कागदाचीच वाटतात. अकरा पानं आठ-आठ सेंटिमीटरवर शिवली की दार भरतं.

मधल्या फटींत झेंडू. क्रेपचा नको, रंगीत झेरॉक्स कागदाचा करा, 80 जीएसएमचा. सात, सहा आणि पाच सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या कापा, प्रत्येक मापाच्या दोन. चकती तीनदा अर्ध्यात दुमडून उघडा, आठ घड्या दिसतील. घडीवर आणि दोन घड्यांच्या मध्येही, मध्यापासून दीड सेंटिमीटर सोडून चीर द्या. सोळा पाकळ्या होतात. प्रत्येक पाकळी कात्रीच्या बोथट कडेवरून अंगठ्याने ओढली की आतल्या बाजूला वळते. सहाही चकत्या मोठीवर लहान अशा चढत ठेवून, पाकळ्या एकाखाली एक येऊ न देता, मधून गाठ मारलेला दोरा ओवायचा. इथे कागद वळला तर उलट बरंच, फूल आणखी भरदार दिसतं. आरासीत ओल आपल्या कामी येते अशी ही एकच जागा.

दाराची उंची साधारण 210 सेंटिमीटर. 15 चं पान आणि वर दहाची झुक दिलीत तर उंच पाहुण्याच्या डोक्याला तोरण लागणार आणि पहिल्याच संध्याकाळी दोन पानं मोडणार. झुक पाचच्या वर नको.

टांगताना चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. पावसाळ्यात भिंतीला दमटपणा असतो, डिस्टेंपर असेल तर चिकटपट्टी रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येते. पडद्याच्या दांड्यांची टोकं, आधीचे खिळे, कपाटाच्या वरचा हूक, असं काहीतरी पक्कं शोधा आणि पट्टीची टोकं त्याला बांधा. भिंतीला ओल येते असं दिसत असेल तर माळ भिंतीपासून दोन बोटं पुढे राहील अशी बांधा. खोलीत पंखा असेल तर पताका फडफडतात. कोऱ्या पताकांची खालची कड एक सेंटिमीटर मागे दुमडून चिकटवली तर तेवढ्या वजनाने त्या शांत राहतात. गोव्यात आणि सिंधुदुर्गात मूर्तीवर माटोळी, म्हणजे फळं-डहाळ्या बांधलेली चौकट असते तिथे कागदाची माळ तिच्या खालून नेऊ नका. ताजी फळं, रानातल्या डहाळ्या यांचं पाणी आणि चीक खाली गळतो.

आणि समई, निरांजन, कापूर यांच्या वर कुठलाही कागद नको. माळेचा सगळ्यांत खालचा भाग मधोमध येतो, आणि आरतीचं तबकही तिथेच ओवाळलं जातं. म्हणून ओवाळताना हात जिथपर्यंत वर जातो त्याच्यापेक्षा निदान हातभर वर माळ राहील असं टोकांचं अंतर ठरवा, आणि समई बाजूला, जिच्या वर काही लोंबत नाही अशा जागी ठेवा. आरतीच्या वेळी पंखा बंद. लाइटिंगची माळ पताकांच्या पट्टीला गुंडाळू नका, एलईडी असली तरी तिचा जोड आणि ट्रान्सफॉर्मर गरम होतात. ती वेगळ्या खिळ्यावरून, मागून सोडा.

कधी सुरुवात करायची म्हणाल तर चतुर्थीच्या दोन आठवडे आधी कागद आणि पट्टी आणून ठेवा. कापणं आणि चिकटवणं एका रविवारी, शिवणं पुढच्या शनिवारी. मधले दिवस पताका दाबाखाली. तयार माळ घडी घालून नाही, एकावर एक पताका रचून, कोरड्या उशीच्या अभ्र्यात ठेवा आणि आदल्या संध्याकाळी, मूर्ती आणायच्या आधी लावा. मूर्ती बसल्यावर तिच्या डोक्यावर स्टुलावर उभं राहून खिळे शोधण्यात काही अर्थ नाही.

विसर्जनानंतर माळ लगेच गुंडाळू नका. एखादा कोरडा दिवस बघून सावलीत मोकळी टांगा, ऊन नको. मग वर्तमानपत्रात सपाट ठेवून, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत. माळ्यावर भिंतीला टेकून ठेवलीत तर पुढच्या वर्षी कसरीने कडा खाल्लेल्या दिसतील. ‘शुभ दीपावली’ करायचं मनात असेल तर बाजूच्या सहा कोऱ्या पताका उसवून नव्या पट्टीला घेता येतात. अक्षरांच्या सहा नव्या कराव्या लागतील : शु, भ, दी, पा, व, ली. शिरोरेषा तिथेही त्याच खूणपट्टीने, 6 सेंटिमीटरवर. शु चा उकार खालच्या साडेचारात आरामात बसतो.